दहा वाडगे

शाबान कुंभाराबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ज्यांनी लिहायला हवं होतं ते गेले, म्हणून लिहितो.

फ्रेंचांच्या अमलाखालच्या जेर्बा बेटावर, गलाला गावात मी पोरांना कुराण पाठ करायला शिकवायचो. असं शिकवणाऱ्याला आमच्याकडे मेद्देब म्हणतात. माझं खरं नाव हळूहळू गावही विसरलं. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाच्या शाखेचं लिहिणं-वाचणं माझ्याकडेच होतं, कारण भाषण करायला सांगितलं की मला घाम फुटायचा.

शाखेच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी होत्या, अध्यक्षांची आणि सरचिटणीसांची. पंचावन्न साली फ्रेंचांनी अर्धंमुर्धं स्वराज्य देऊ केलं. मिळतंय ते घेऊ, उरलेलं पुढे बघू, असं अध्यक्षांचं म्हणणं. सरचिटणीस म्हणाले, अर्धं घेणं म्हणजे मागे जाणं. ते आमच्याच बेटाचे. पक्षानं त्यांना काढून टाकलं, आणि एके सकाळी भिंतीवर एकच तसबीर उरली. दुसरीच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन दिसत होता.

हिवाळ्यात पक्षाची समिती आली. तिचा म्होरक्या तिजानी हा माझाच जुना विद्यार्थी. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. शपथ एकच होती: सरचिटणीसांच्या माणसाला छप्पर देणार नाही, भाकरी देणार नाही. दाराशी बंदूकवाले दोघे उभे होते. कुराण धरायचं काम माझं. सव्वीस जणांनी त्यावर हात ठेवला. शाबानचा हात ओल्या मातीनं भरलेला होता. तो आधी धुऊन आला, मग त्यानं शपथ घेतली.

आठ दिवसांनी भर दुपारी तो माझ्या शाळेत आला. पोरं जेवायला गेली होती.

"मेद्देब, माझी शपथ मोडली."

"हळू बोल, बाबा."

"मबरूकाचा भाऊ आलाय. जिलानी. पायात गोळी आहे त्याच्या. बायकोच्या भावाला दारातून हाकलू? जुन्या भट्टीत ठेवलाय, जमिनीखाली. भाकरी दिली, छप्पर दिलं. एका दिवसात दोन्ही वचनं मोडली बघ."

"मग मला कशाला सांगतोस?"

"तू पुस्तकं वाचतोस म्हणून. मी मडकी वाचतो. शपथ मोडली तर काय करायचं असतं?"

"दहा गरिबांना जेवू घालायचं," मी म्हणालो.

तो डोकं खाजवत बसला. "तीन दिवस उपास केले तर चालत नाही का? कुठंतरी ऐकलंय. उपास बरा, कुणाला दिसत नाही."

इथं मी 'चालतं' म्हणायला हवं होतं. एवढंच. पण चुकीचं सांगणं मला जमत नाही, लहानपणापासूनच.

"उपास ऐपत नसलेल्यांसाठी," मी म्हणालो. "तुझ्याकडे जव आहे, दोन शेळ्या आहेत."

"हात तुझ्या! तुझ्या पुस्तकाला माझ्या शेळ्याही माहीत आहेत होय?" तो हसला आणि गेला.

त्यानं दहा वाडगे नवे घडवले. मबरूकानं जवाच्या कण्यांचा कुसकुस वाफवला, वर सुकवलेल्या माखली माशाचे तुकडे. शुक्रवारच्या नमाजानंतर शाबाननं स्वतः घरोघर वाडगे पोचवले: विधवा, आंधळा मासेमार, खजुराच्या झावळ्या विणणारा म्हातारा. नऊ झाले. दहावा घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला.

"मी काय गरीब आहे?"

"पोरांचे बाप तुला अंडी देतात, तीही मोजून. तुझ्याहून गरीब कोण? जेव मुकाट्यानं."

मी जेवलो. चांगला झाला होता.

संध्याकाळच्या आत तिजानी आला. चपला बाहेर काढून, लहानपणी बसायचा त्याच चटईवर बसला. रिकामा वाडगा माझ्यापाशीच होता. त्यानं तो फिरवून पाहिला.

"दहाच का, मेद्देब? नऊ नाहीत, बारा नाहीत. ती ओळ तुम्हीच पाठ करून घेतलीत माझ्याकडून. दोनदा चुकलो तेव्हा छडी खाल्ली होती."

मी वाडगा त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवला.

"सव्वीस जणांनी शपथ घेतली. प्रायश्चित्त एकालाच का लागावं?" तो जरा पुढे सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "नवस असेल. मबरूकाची तब्येत वगैरे. तुम्ही तसं म्हणा, मी उठतो. तुमचा शब्द मला पुरे."

तो सांगत होता ते मला कळत होतं. मी तोंडही उघडलं. पण समोर फळीवर कुराण होतं, आणि त्याच्यासमोर खोटं बोलावं का, याचा मी विचार करत बसलो. माझा विचार संपला तेव्हा तो चपला घालत होता.

अंधार पडायच्या आत तिजानीच्या माणसांना भट्टी सापडली. दोघांनाही नेलं. मार्चात स्वातंत्र्य आलं, गावात ढोल वाजले, मुली गच्च्यांवरून ओरडत होत्या. मबरूका रस्त्याकडे तोंड करून बसली होती. सुटून येणाऱ्यांत शाबान नव्हता, जिलानीही नव्हता. त्यांची प्रेतंसुद्धा कुणी दिली नाहीत.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, दुसरंच काही शोधताना, धर्मशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथात मला चार ओळी सापडल्या. जीवाच्या भीतीनं घेतलेली शपथ ही शपथच नव्हे. ती मोडली तर प्रायश्चित्त नाही. जेवण नाही, उपासही नाही. तो ग्रंथ पंचावन्न सालीही माझ्या फळीवर होता. बंदुका तर मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, कुराण हातात धरून.

मबरूका आता फार थकली आहे. गेल्या ईदला काठी टेकत माझ्याकडे आली. तो वाडगा तिनं ओळखला, बोटानं त्याची कड चाचपली.

"मेद्देब, एक विचारू? फार दिवस मनात आहे. ह्यांनी सगळं नियमानंच केलं ना हो? दहा जणांना जेवू घालणं, ते करावंच लागत होतं ना?"

कुराण फळीवरच होतं.

"करावंच लागत होतं," मी म्हणालो. "अगदी नियमानं केलं त्यानं."