फिक्या अक्षरांची अट

मित्रांनो, जुना साचा आहे मी. करंजीचा नव्हे, वेबसाइटच्या पानाचा. १९९९ साली बारामतीच्या तेजश्रीताईंनी मला लिहिलं, इंदापूरकडच्या एका फळ सोसायटीसाठी. सोसायटीच्या संगणकावर शेतकऱ्याचं नाव, पत्ता, माल आणि तोडणीची तारीख भरायचे. मी त्याचं पान करून पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायचो. ताईंनी माझ्यात एकच अट घातली होती. माल दोन दिवसांच्या आत तोडलेला असेल, तर नावाला ‘ताजा’ वर्ग लावायचा, म्हणजे अक्षरं ठळक हिरवी. नसेल तर ‘फिका’ वर्ग, अक्षरं करडी. व्यापारी हिरवं नाव बघून फोन करायचे. काय तोऱ्यात असायचो मी तेव्हा!

पण सोसायटीचे सचिव दत्तोबा महाबेरकी. ताईंच्या माघारी त्यांनी ऑपरेटर कुंडलिककडून माझ्यात एक ओळ घुसडली: पत्ता बुद्धनगरचा असेल, तर नाव फिकंच. माझा नुसता जळफळाट झाला. पण साच्याला तोंड कुठं असतं? लिहिलं ते करावंच लागतं.

एका पहाटे बुद्धनगरच्या बुद्धघोषांनी डाळिंबं तोडून आणली. पडद्यावर नाव करडं. दिवसभरात एक फोन आला नाही, आणि परवा तो माल खरंच शिळा ठरणार होता.

“दत्तोबा, माल आजचा हाय. मग माझं नाव फिकं का?”

“आमी काय करणार? मशीनच तसं दाखवतंय.”

मशीन म्हणे! पाप यांनी करायचं आणि खापर माझ्या डोक्यावर? बुद्धघोष वाद घालत बसले नाहीत. त्यांनी तडक बारामतीची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. चार सभासदांसमोर त्यांनी दत्तोबांच्याच ताज्या पेरूंचा पत्ता बदलला आणि बुद्धनगर लिहिलं. हिरवं नाव झटक्यात करडं पडलं.

“काय हो, तुमचे पेरू एवढ्यात शिळे झाले?” ताईंनी विचारलं.

“कायतरी तांत्रिक चूक असंल,” दत्तोबा पुटपुटले.

“चूक न्हाय, अट हाय,” बुद्धघोष म्हणाले. “मशीनला जात कुणी शिकवली, तेवढं सांगा.”

कुंडलिकनं दत्तोबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ताईंनी ती ओळ तिथंच पुसली. दुपारी डाळिंबांसाठी फोन आला.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणत नाही. पण कुणी ‘मशीनच तसं करतंय’ म्हणालं, तर मुकाट घरी जाऊ नका. मशीनला ते कुणी सांगितलं, हे विचारा. आणि नाव कळेपर्यंत जागचे हलू नका.