सॉलिड कपडे

फोटो काढणं म्हणजे एक बटण दाबणं, असं ज्याला वाटतं त्याला आमच्या फोटोग्राफरबाईंच्या हवाली करावं. तीन आठवडे त्यांनी माझं डोकं खाल्लं. मीटिंग रूमचं छत किती उंच? खिडकी कुठल्या दिशेला? चष्मेवाले किती, टक्कलवाले किती? टकलांची मोजदाद मी जेवणाच्या सुट्टीत, डबा खाण्याचं नाटक करत केली. अकरा भरली.

हे लोढणं माझ्याच गळ्यात, कारण त्या ऑफिसात चार वर्षं मी सहा-सहा महिन्यांच्या करारावर होते आणि करारावरच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. साहेब म्हणाले होते, "वेबसाइटचे फोटो नीट पार पाडा, मग तुम्हाला कायम करायचं बघू." त्या एका वाक्यावर मी चाळीस जणांचं वेळापत्रक पाचदा केलं आणि घरी नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. "सगळ्यांना सॉलिड कपडे घालायला सांगा हं." म्हणजे एकरंगी. चौकडी नको, पट्टे नकोत, चमकणारं तर मुळीच नको. मला बरोबर कळलं. मी ग्रुपवर टाकलं : 'उद्या फोटो. सर्वांनी सॉलिड कपड्यांत यावे.'

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

सकाळी हिशेबनीस जरीच्या जाकिटात अवतरले. "कसा दिसतोय? एकदम सॉलिड ना?" विक्रीवाले दोघं फुलाफुलांच्या शर्टात. स्वागतकक्षातल्या ताई तर बहिणीच्या लग्नातला टिकल्यांचा ड्रेस घालून आल्या होत्या, आणि दिव्याखाली त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी कॅमेरा खाली ठेवला. "मी काय सांगितलं होतं?"

"सॉलिड," मी म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"सॉलिडच आहे हो," हिशेबनीस दुखावले. "नवं जाकीट आहे."

मला त्यांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एक शब्द जास्त लिहिला असता तर काय बोटं झिजली असती?

एकेकट्याचे फोटो कसेबसे उरकले. सगळ्यांचा एकत्र घ्यायच्या वेळी बाईंनी माझा दंड धरून मला मधोमध उभं केलं. "या निळ्या कुर्त्यातल्या इथे राहू देत. नजर ठरायला एक तरी साधा रंग हवा." मी पटकन केस सारखे केले. खरं सांगते, मला आनंद झाला.

"त्या नकोत," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "त्या कायम नाहीत ना. सहा महिन्यांनी परत फोटो काढायला लागेल."

मी बाजूला झाले. कायम करायचं कुणी बघतच नव्हतं, हे मला तिथे, चाळीस जणांसमोर कळलं.

बाई म्हणाल्या, "हसा." कुणी हसेना. जरी, फुलं, टिकल्या आणि वर सगळे पडलेले चेहरे.

"अहो, यांना हसवा ना जरा," साहेब मलाच म्हणाले.

"ते कायमच्या माणसाला सांगा, सर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच सुटले. बाईंनी तेवढ्यात बटण दाबलं.

वेबसाइटवर तोच फोटो आहे. सगळे अगदी मनापासून हसतायत. मी त्यात नाही, आणि त्या ऑफिसातही नाही.