विहीणबाईंचा गोल

कलाबाईंनी डिस्कची वायर टॅबच्या भोकात खुपसली, उलटी गेली असं वाटून काढली, फिरवून पुन्हा खुपसली. ती दोन्हीकडून बसते हे ज्ञानेशनं दोनदा सांगितलं होतं, पण कलाबाईंचा अशा वस्तूंवर विश्वास नव्हता. टॅबनं टुंग असा आवाज केला तेव्हा त्यांनी ओट्यावरच्या शेवंतीच्या पाट्या बाजूला सारल्या आणि मांडी घातली.

"आई, वायर हलवू नको," ज्ञानेश बूट घालता घालता म्हणाला. "चार वर्षांचे फोटो आहेत. वेळ लागणार."

"मंडपवाल्यांना हारांचे फोटो कोण पाठवतं?"

"तू."

"मग मला शिकवू नको. जा, बाजार उरका तुमचा. साई उठली तर मी हाय."

मुलगा आणि सून गाडीवर बसून शहरात गेले. रविवारी ते जपानला निघणार होते. तिथल्या थंडीचे कपडे नाशिकमध्ये कुठे मिळतात यावर घरात आठवडाभर खल चालला होता. त्यांची लेक साई आत पंख्याखाली झोपली होती. कलाबाईंचे यजमान, पुंजाराम, मागे मळ्यात झेंडू तोडणाऱ्या बायांपाशी होते.

टॅब पार भरला होता. साध्या एका हाराचा फोटो काढायला गेलं तरी जागा नाही म्हणून सांगायचा. म्हणून आतले सगळे फोटो डिस्कवर घ्यायचे, डिस्क साईबरोबर जपानला जाणार आणि टॅब रिकामा होऊन कलाबाईंकडे राहणार, असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांना ते सोपं वाटलं. कलाबाईंना ठाऊक होतं की साई चार वर्षांची आहे आणि या वयातलं पोरांच्या लक्षात राहत नाही. त्यांना स्वतःच्या आजीचा चेहराही आठवत नव्हता, नाकातली नथ तेवढी आठवत होती. जपानमध्ये साई मोठी होईल, आणि आजी म्हणजे कोण असं तिच्या मनात येईल तेव्हा या डिस्कमध्ये बघेल. तिथे जी दिसेल ती आजी.

त्यांनी पहिला फोटो उघडला आणि त्यांच्या पोटात दुखलं.

हे दुखणं जुनं होतं. सून शुभांगी बाळंतपणाला माहेरी, कळवणला गेली, ते रीतीप्रमाणेच झालं. पण सव्वा महिन्यानं यायची ती तब्येतीमुळे सात महिने तिकडेच राहिली. ज्ञानेशनं हा टॅब तेव्हाच घेतला होता, तिकडची पोर इकडे दिसावी म्हणून. त्यामुळे टॅबच्या सुरुवातीला सगळं कळवण होतं आणि कळवणात सगळीकडे शुभांगीची आई, गयाबाई, होत्या. साईला शेक देणाऱ्या गयाबाई. साईला झोळीत घालणाऱ्या गयाबाई. साईचं पहिलं हसू आलं तेही गयाबाईंकडे बघून, आणि कुणीतरी नेमकं तेव्हाच बटण दाबलेलं. नाशिकला आलेली पोर अंगानं धष्टपुष्ट होती, पण कलाबाईंनी हात पुढे केला की ओठ काढायची. त्याबद्दल त्यांनी अजून कुणाला क्षमा केलेली नव्हती.

पुढे साई रुळली, गळ्यात पडू लागली, तरी ते नाव घरातून जाईना. कळवणची आजी भाकरीची चांदकी करते, एवढी एवढीशी. कळवणची आजी वेणी ओढून घालत नाही. कळवणची आजी दुधावरची साय काढून टाकते. कलाबाईंनी चांदकी केली, वेणी सैल घातली, साय काढली, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात विहीणबाईंना दोन शब्द सुनावले. समोरासमोर भेटल्या की मात्र दोघी एकमेकींना कुंकू लावायच्या आणि जेवताना आग्रह करून करून एकमेकींचा जीव नकोसा करायच्या.

टॅबला एक खोड होती. तो माणसांचे चेहरे आपले आपण ओळखून वेगळे काढायचा. एकेका माणसाचा एकेक गोल, गोलावर बोट ठेवलं की त्या माणसाचे सगळे फोटो समोर. पहिला गोल साईचा होता. दुसरा गयाबाईंचा. दुसरा! कलाबाई त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. गोलातल्या विहीणबाई पदर सारखा करून मंद हसत होत्या, आपलंच घर असल्यासारख्या.

त्यांनी मळ्याच्या बाजूला पाहिलं. मग गोलावर बोट ठेवलं. बारीक बारीक चौकोनांची रांग लागली. वरचे दोन-तीन चौकोन दिसले तेवढ्यानंच त्यांना पुरे झालं. खाली उतरून प्रत्येक ठिकाणी त्या बाईच्या कुशीत आपली नात बघायची त्यांची तयारी नव्हती. 'सगळे निवडा' म्हणून होतं, ते निवडलं. शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. बोटाला फुलांचा चीक लागलेला, टॅब दाद देईना. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं.

गोल गेला. काही आवाज झाला नाही. त्यात साईचेही फोटो गेले असणार, पण साईचे काय कमी होते? कलाबाईंनी उरलेले डिस्ककडे लावून दिले. पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू पुढे सरकू लागली आणि त्या गजरा ओवायला बसल्या.

रेघ अर्ध्यावर आली तेव्हा फोन वाजला. फोन गयाबाईंचा.

"समदं बरं शे ना ताई?"

"बरं हाय. तुमचं?"

"आमचं काय. कुरडया धाडू का म्हनलं पोरीसंगं? तिकडं काय भेटतं, काय नाय. आन शुभी सांगत व्हती, तुम्ही फोटूचं काय करी राह्यल्या म्हनून."

"डिस्कमध्ये घेतेय. साईला न्यायला."

"तुमचं बरं हाय ताई. पोरगी तुमच्या घरची, तुमचं नाव लावनार. आठवन निघंल ती तुमचीच निघंल. आम्ही काय, बाळंतपनापुरते."

"असं कसं म्हणता विहीणबाई."

"खरं ते म्हनलं. जळते मी तुमच्यावर कधीकधी," गयाबाई म्हणाल्या आणि हसल्या.

हे ऐकून कलाबाईंना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं. फोन ठेवल्यावर तर त्यांनी गजऱ्यात एक अबोलीचं फूल जास्तीचं घातलं.

रेघ भरली. कलाबाई चष्मा पुसून, हौसेनं, डिस्कमधलं बघायला बसल्या. पाळणा होता. पाळण्यात साई. दुपट्यावर साई. पुंजारामांच्या खांद्यावर साई. पुंजारामांच्या मांडीवर, पुंजारामांच्या पाठीवर, झेंडूच्या ढिगात, बैलाच्या शिंगाला हात लावताना साई. ज्ञानेश होता, शुभांगी होती, शेजारची कुत्री दोन ठिकाणी होती. साईचा पहिला वाढदिवस आला. केक आला, केकमागे पुंजाराम आले. कलाबाईंनी त्या दिवशी नवी पैठणी नेसली होती. त्या पुढे गेल्या, मागे आल्या. पैठणी कुठेच नव्हती.

पुंजाराम सुतळी शोधत ओट्यावर आले.

"अहो, बघा बरं. मी दिसते का यात?"

पुंजाराम वाकले. "मी दिसतो."

"तुम्ही दिसता ते मला दिसतंय. मी कुठं गेले?"

मग सांगावंच लागलं. गोलाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, फक्त का केलं ते सांगितलं नाही. पुंजारामांनीही विचारलं नाही. त्यांनी बायकोचा चेहरा निरखला.

"त्यानं तुम्हा दोघींना एकच धरलं असंल," ते म्हणाले. "वय तेच. पदर तसाच, कुंकू तसंच, चष्मा तसाच. नाकबी."

"माझं नाक असं हाय?"

पुंजारामांना सुतळी सापडली होती. संसारात इतकी वर्षं काढलेला माणूस, ते ती घेऊन तडक मळ्यात गेले.

कलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं ज्या बाईच्या नावानं बोटं मोडली, तिच्यात आणि आपल्यात त्या काचेच्या पाटीला काही फरक दिसला नव्हता. बरं, पाटीला दोष देऊन भागत नव्हतं. रांग खालपर्यंत बघितली असती तर तिथेच पैठणी दिसली असती.

टाकलेले फोटो टॅब महिनाभर ठेवतो, हे त्यांना हारांच्या फोटोंमुळे माहीत होतं. त्यांनी तो कप्पा उघडला. सगळे तिथे होते, दोघींचे एकमेकांत मिसळलेले. आता 'सगळे' म्हणून चालणार नव्हतं. आपला तेवढा बघायचा, परत आणायला त्यावर खूण करायची, विहीणबाईंचा आला की सोडून द्यायचा. म्हणजे जे डोळ्यांसमोर नको होतं ते एकेक करून नीट निरखणं आलं.

त्या निरखू लागल्या. पैठणी सापडली, खूण केली. गयाबाई, सोडलं. गयाबाई, सोडलं. स्वतःच, साईला घास भरवताना, खूण. मग एक फोटो आला तिथे बोट थांबलं. पाटावर बसलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय लांब केलेले, पायांवर पालथी साई आणि तिच्या पाठीवर पाणी. बाई खाली वाकलेली होती. चेहऱ्याची जराशी कड दिसत होती, कुणाची ते कळू नये इतकीच. पदर, दोन हात आणि हिरव्या बांगड्या. कलाबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. साईला आठव्या महिन्यापासून त्यांनीही असंच न्हाऊ घातलं होतं, पायावर घेऊन. हात आपलेच असावेत असं वाटत होतं. मग त्यांना खालची फरशी दिसली. काळी, शहाबादी. इकडच्या न्हाणीत पांढऱ्या टाइल्स होत्या.

"ही मी आहे?"

साई उठून आली होती. डोळे चोळत ती आजीच्या मांडीत शिरली आणि तिनं टॅबवर नाक टेकवलं.

"तूच."

"किती छोटी. आणि ही कोण?"

ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. पोरगी विचारत होती आणि आजी सांगेल तेच ती घेऊन जाणार होती, जपानपर्यंत, त्याच्याही पुढे.

"मी," कलाबाई म्हणाल्या.

साईनं फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. तिला पटलं. "मला पायावर घेतलंस?"

"रोज घ्यायचे."

"मग कळवणची आजी कुठेय?"

कलाबाईंनी याचा विचार केला नव्हता. नाही म्हणून सांगता आलं असतं. घरी नव्हती, गावाला गेली होती, काहीही सांगता आलं असतं.

"ती फोटो काढत होती," त्या म्हणाल्या.

गयाबाईंनी आयुष्यात एकही फोटो काढलेला नव्हता. टॅबला हात लावायलाही त्या घाबरायच्या. असं कसं तोंडातून गेलं, ते कलाबाईंनाच कळेना. साईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

"आता तू काढलेला दाखव. तिचा."

"मी काढलेला?"

"तिनं तुझा काढला ना? मग तू तिचा काढलेला."

हिशोब बरोबर होता. कलाबाईंचं बोट रांगेवरून खाली उतरू लागलं. त्यांनी विहीणबाईंचा फोटो कधी काढला नव्हता. बारशाला टॅब त्यांच्या हातात होता, गयाबाई पदर नीट करून, हसू आणून पाळण्याशेजारी उभ्या राहिल्या होत्या, आणि कलाबाईंनी नेम धरून पाळण्याचा तेवढा फोटो घेतला होता. गयाबाईंनी थोडा वेळ तसंच उभं राहून मग हसू आवरलं होतं. ते आवरताना कलाबाईंनी पाहिलं होतं.

रांगेत एका ठिकाणी त्या थांबल्या. कळवणच्या घराची पायरी, सकाळचं ऊन. गयाबाईंनी साईला छातीशी धरलेलं, उन्हानं त्यांचे डोळे मिटलेले, पडलेल्या दाताची खिडकी दिसेपर्यंत त्या हसत होत्या.

"हा."

"तू काढलास?"

"हो."

साईनं टॅब दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि मोठ्या माणसासारखी मान तिरकी केली.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "अजून काढलेस?"

"लय काढलेत," कलाबाई म्हणाल्या, आणि एकेक फोटो तिला दाखवत, एकेकावर खूण करत खाली उतरत गेल्या.