नव्याची वाटी

बकुळाने पदराखालून वाटी काढली आणि गावदेवीच्या पायरीवर, इतर घरांच्या वाट्यांच्या रांगेत ठेवली. शेजारच्या मैनाने आपली वाटी चटकन बाजूला ओढली.

नव्याच्या दिवशी घरटी ओंजळभर नवा तांदूळ येतो, गावात सगळ्यांत वडील असलेली आक्का तो एकाच टोपात ओतते आणि देवीचा नैवेद्य शिजतो. ज्या घरचा तांदूळ टोपात पडला नाही, ते घर त्या वर्षी गावात नसल्यातच जमा. बकुळाच्या घरची वाटी आजवर कधी चुकली नव्हती. पण यंदा तिच्या शेतात सोनखत पडलं होतं.

ग्रामस्वच्छतेच्या वर्षी गावाने सामायिक संडास बांधला, त्याला दोन खड्डे. एक भरला की तो झाकून दुसरा चालू करायचा. दोन वर्षं झाकलेला पहिला खड्डा उन्हाळ्यात उघडला, तेव्हा अख्खं गाव नाकाला रुमाल लावून जमलं. निघाली भुसभुशीत काळी माती, आणि वासही मातीचाच. तरी खत म्हणून फुकट न्यायलाही कोणी पुढे होईना. बकुळा मात्र टोपली घेऊन उतरली. नवऱ्याने, राघोने, आठवडाभर अबोला धरला. पुढे लोंब्या भाराने वाकल्या, तसा हाच राघो बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून तंबाखू देऊ लागला. बकुळाला भारी हसू यायचं, आणि अभिमानही वाटायचा.

आज सकाळी मात्र तो कचरला होता.

"कोठीतला जुना ने. कोनाला कलनार?"

"पिकवला मी, नि लपवू पन मीच?" ती म्हणाली होती.

आता आक्काचा हात तिच्या वाटीशी येऊन थांबला.

"त्यो खड्ड्यावरचा हाय, आक्का," मैना म्हणाली.

"नि तुझा?"

मैनाने आपल्या वाटीवर पदर ओढला. तिचं शेत गोदामाच्या भरावाखाली गेलं होतं. तिचा तांदूळ भिवंडीच्या दुकानातला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्काने बकुळाच्या वाटीतले चार दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

"कनचा खड्डा गो?"

"पयला."

"म्हंजे आमच्या घरचापन हाय त्यात."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आक्का हसली नाही. तिने वाटी उचलली आणि टोपात सगळ्यांत आधी ओतली.

"दुसरा खड्डा उघडंल, तवा पयल्या टोपल्या आमच्या," ती म्हणाली. "आमची मानसं जास्त. आमचा वाटा मोठा."

"नंबर लागंल तवा मिलंल, आक्का," बकुळा म्हणाली.

रिकामी वाटी तिने पदराखाली घेतली नाही. हातातच धरून, भरल्या रस्त्याने ती घरी गेली.