फांदी लावायची राहिली

मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या त्या ऐन थंडीत, हे मी वडिलांकडून शिकलो; ते कुणाकडून शिकले हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही, कारण असल्या प्रश्नांना त्यांचे एकच उत्तर असे, 'आधी पेटी उचल.' थंडीत माश्या पेटीच्या आत एकमेकींना बिलगून बसतात, बाहेर डोकावतसुद्धा नाहीत. तशातच पेटी दुसरीकडे नेली आणि पुढे बर्फ भरपूर टिकला, तर वसंतात बाहेर पडेपर्यंत त्यांना जुन्या जागेचा विसर पडलेला असतो. मग त्या नव्या घराभोवती घिरट्या घालतात, ते नीट पाहून घेतात आणि कामाला लागतात. त्यातूनही ज्याला धोका नको असतो तो पेटीच्या तोंडापुढे एक पानांची फांदी आडवी लावून ठेवतो. बाहेर येणारी माशी त्या फांदीशी अडखळते, काहीतरी बदलले आहे हे तिच्या लक्षात येते आणि ती वळून आपले घर पुन्हा एकदा बघते. काम अगदी साधे, हातासरशी होणारे.

या हिवाळ्यात आम्ही डोंगरावरचे घर सोडून खाली गावात आलो. घरामागच्या उताराला लांबच लांब भेग पडली होती. सरकारी माणसे आली, त्यांनी त्या भेगेत काठी घालून पाहिली, आणि काठी हातातून निसटून आत गेली तेव्हा त्यांनी आम्हाला घर रिकामे करायला सांगितले. वरच्या वस्तीत तसेही आमचेच घर उरले होते. आधी सामान उतरवले, मग पेट्या, आणि सगळ्यात शेवटी आमची मुलगी. ती सात वर्षांची, तिला आम्ही ठकी म्हणतो. जुने घर सोडायचे म्हटले की ती रडून आकांत करायची, म्हणून एका संध्याकाळी ती झोपल्यावर बायकोने तिला पांघरुणात गुंडाळले आणि मी तिला खांद्यावर टाकून खाली आणले. सकाळी ती नव्या घरात जागी झाली, खिडकीतून बाहेर बघत बसली, रडली नाही. "बघा, उगाच घाबरत होतो आपण," बायको म्हणाली, आणि आम्ही दोघांनीही हुश्श केले.

फांदी लावायची मात्र राहिली. बर्फ अजून हलत नाही, लावू सवडीने, असे म्हणत मी टाळत गेलो, आणि एक दिवस ऊन पडले. ऊन म्हणजे थंडीतले मिळमिळीत ऊन नव्हे, पाठ भाजणारे. छपरांवरून पाणी गळायला लागले, रस्त्यांचा चिखल झाला, लोक गरम कपडे काढून ओट्यांवर बसले आणि हे चांगले की वाईट यावर वाद घालू लागले. म्हाताऱ्यांनी सांगितले की असे कधी पाहिले नाही. पण म्हातारे दरवर्षीच तसे सांगतात. बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या, गाद्या उन्हात टाकल्या. मी पेट्यांकडे गेलो तर माश्या कधीच बाहेर पडल्या होत्या आणि सरळ रेषेत, एकदाही मागे न बघता, डोंगराकडे चालल्या होत्या.

चुकलेल्या माश्यांवर उपाय असतो. जुन्या जागी एक रिकामी पेटी नेऊन ठेवायची. भरकटलेल्या माश्या तिच्यात गोळा होतात, आणि दिवस मावळला की तोंड बंद करून पेटी खाली आणायची, तिच्या जागी दुसऱ्या दिवसासाठी आणखी एक रिकामी ठेवून. मी तसे केले. पहिल्याच दिवशी वरची पेटी गच्च भरली. ती पाठीवर घेऊन उतरताना मला स्वतःच्या आळसाचा राग येत होता, कारण एवढ्या माश्या वर आल्या म्हणजे खालच्या पेट्या ओस पडल्या असणार. घरी येऊन झाकणे उघडून पाहिली. सगळ्या पेट्या भरलेल्या होत्या, जशा सकाळी होत्या तशाच.

मी आणलेल्या माश्या त्यांच्यात सोडल्या. आपल्याच त्या, आपल्या घरी जातील असे मला वाटले. सकाळी पेट्यांपुढच्या ओल्या गवतावर मेलेल्या माश्यांचा थर पडला होता, आणि उरलेल्या अजून दारात झुंजत होत्या. कोणत्या कुठल्या हे मलाही सांगता येईना. मी केरसुणीने थर गोळा केला.

पोस्टमन आमचा जुना मित्र, डोंगरात पायपीट करून त्याची जीभ तेवढी थकायची राहिलेली. तो फाटकाशी थांबून म्हणाला, "काय हो, वरच्या घराला भाडेकरू मिळाला वाटतं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? धुराडं रोज धूर सोडतंय. मी म्हटलं, एवढ्या उन्हात चूल पेटवणारा हा शहाणा कोण!" आणि तो आपल्याच बोलण्यावर हसत पुढे गेला.

त्याच दिवशी दुपारी मी पेटी आणायला वर निघालो तर अर्ध्या वाटेवर ठकी उतरताना दिसली. एकटीच, हातात गवताची काडी, स्वतःशी गुणगुणत. त्या भेगेच्या काठाची माती उन्हाने भुसभुशीत झाली होती, मोठ्या माणसानेही तिथे जपून पाय टाकावा अशी. मी तिचा दंड धरला आणि चांगलाच ओरडलो. ती रडली नाही. "घरी गेले होते," एवढेच म्हणाली. तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, घट्ट, नीट भांग पाडून. सकाळी बायकोने एकच वेणी घातली होती, हे मला आठवत होते, कारण ठकी तेव्हा आरडाओरडा करत होती आणि मी दाढी करताना ऐकत होतो.

"भूक लागली असेल ना?"

"नाही. जेवले."

"कुणी दिलं जेवायला?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू बाबांना सगळे समजावून सांगावे लागते. "आईने."

मी तिला खाली आणून फाटकात सोडले, बजावले, आणि पेटीसाठी पुन्हा वर गेलो; पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता, घराकडे न बघताच पेटी उचलून परतलो. रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, "हिच्यावर लक्ष ठेव. आज वर गेली होती, भेगेपाशी."

"कोण, ठकी?" बायकोने घास हातातच ठेवला. "अहो, ती दिवसभर माझ्यासमोर होती. गाद्या आत घ्यायला मदत केली तिने, मग इथेच जमिनीवर चित्रं काढत बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तऱ्हा आहे तुमची."

"मी स्वतः तिला हाताला धरून आणलं."

"ऊन लागलंय तुम्हाला. उद्या टोपी घालून जा."

ठकी आमच्यामध्ये बसून जेवत होती. तिच्या पाठीवर एकच वेणी होती, सकाळचीच, आता सैल झालेली. मला भीती वाटत होती हे खरे, पण कशाची ते नीट मांडता येत नव्हते, आणि मांडता न येणाऱ्या भीतीबद्दल बायकोशी बोलायचे म्हणजे आपलेच हसे करून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला. डोंगराच्या पलीकडून ढग चढू लागले, आणि गाव एकदम ओट्यांवरून उठून घरात गेले. थंडी परतणार होती, कदाचित बर्फही, आणि मग वरची वाट बंद होणार होती. पेटी आणायला तेवढा एकच वेळ उरला होता. निघताना मी घरात डोकावलो. बायको खिडक्या लावत होती. "ठकी कुठे आहे?" मी विचारले. "असेल मागच्या बाजूला," ती म्हणाली. मी मागच्या बाजूला पाहिले. ती तिथे नव्हती. हाका मारल्या, शेजारच्या कुंपणावरून डोकावलो, आणि मग आणखी शोधत न बसता धावतच डोंगराला लागलो.

वर पोहोचलो तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. दाराला मी स्वतः लावलेले कुलूप नव्हते. अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत होते: ठकीचे दोन फ्रॉक, बायकोचा रुमाल, आणि खिशाला शाईचा डाग असलेला निळा सदरा. मी खाली मान घालून माझ्या खिशाकडे पाहिले. डाग तिथेही होता. मी दोरीला हात लावला नाही, सरळ आत गेलो. चुलीवर चहा उकळत होता. आमचे सगळे सामान मी या हातांनी उतरवले होते, खोल्या रिकाम्या करून झाडून काढल्या होत्या, आणि तरी खिडकीखाली पलंग होता, आणि पलंगावर ठकी झोपली होती, दोन वेण्या, तोंड किंचित उघडे, तिची झोपायची पद्धत. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून माती हळूहळू जमिनीवर गळत होती. एवढे एक पाहिल्यावर दुसरे काही पाहायची मला गरज वाटली नाही. मी तिला उचलले.

ती अर्धवट जागी झाली. "बाबा, आत्ता आलात?"

"चल, खाली जायचंय."

"आई पाणी आणायला गेलीये. ती येऊ दे ना."

"नको," मी म्हणालो. "आत्ताच जाऊ." तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा झोपली. माश्यांची पेटी मी तिथेच राहू दिली.

वाटेच्या पहिल्या वळणावर मागून हाक आली. "ठके! ए ठके, अंधार पडायला आला, घरी ये बघू." बायकोचाच आवाज, रोज संध्याकाळी मारते तीच हाक, रागाची नाही, काळजीचीही नाही अजून. मी चालत राहिलो. दुसरी हाक जरा मोठी होती. तिसरीत काळजी होती, आणि ती ऐकून माझे पाय अडखळले, कारण त्या आवाजाला उत्तर न देण्याची मला आयुष्यात सवय नव्हती. मी उत्तर दिले नाही. पोरगी माझ्याजवळ होती, अंगाला ऊबदार, वजनाला नेहमीइतकी, आणि तिला त्या भिंतीखाली ठेवून येणारा बाप कुठे असतो? हाका हळूहळू मागे पडल्या. बर्फाचे पहिले कण उडू लागले तेव्हा मी गावात शिरत होतो.

दार लोटलेले होते. मी पायानेच वाजवले आणि बायकोने उघडले. आतली ऊब आणि दिव्याचा उजेड एकदमच बाहेर आला. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, मग तिची नजर माझ्या खांद्यावर गेली आणि ती थांबली. आत, तिच्या पाठीमागे, जेवायची ताटे मांडल्याचा आवाज येत होता.

"ही..." मी म्हणालो.

बायको किंचाळली नाही. ती झोपलेल्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, वेण्यांकडे, उघड्या तोंडाकडे. मग तिने हात पुढे केला आणि पांघरुणाविना लोंबकळणारा पाय तळव्यात धरला. "मोजा पडलाय एक कुठेतरी," ती हळूच म्हणाली. "बर्फासारखा गार झालाय पाय."

"आई," आतून ठकीने हाक मारली, "दार लाव ना. गारठा आत येतोय."

माझ्या गळ्याभोवतीचे हात झोपेतच घट्ट झाले. बायकोने तो पाय अजून सोडला नव्हता. तिचा दुसरा हात दारावर होता.