आत्या निघाली

चष्मिष्टचा जीव टांगणीला लागला होता, आणि लागणारच की! तिने आणि कॉलेजच्या तिघा मित्रांनी वर्षभर ज्या अ‍ॅपवर डोकं फोडलं, ते आज चाललं तर चाललं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. एकट्याने घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना गाडीने व्यायामकेंद्रात आणणाऱ्या एका संस्थेच्या गाड्यांच्या फेऱ्या ते ठरवणार होतं. संस्थेच्या संचालिकाबाईंनी साफ बजावलं होतं की आमच्यासमोर एक फेरी नीट करून दाखवा, नाहीतर आम्ही आपले फोन फिरवत बसू.

केंद्राच्या भिंतीवर नकाशा उमटला. गाडी एका आजोबांना आणायला निघाली, चौकात आली आणि भलतीकडेच वळली. तो रस्ता चष्मिष्टच्याच घराचा होता! चाचणीसाठी तिने आपल्या आत्याचं नाव, पत्ता, फोन घातला होता आणि चाचणीच्या नोंदी पुसायची जबाबदारी या शहाणीनेच अंगावर घेतली होती. पुसणार कोण? आता अ‍ॅप इमानेइतबारे जवळच्या प्रवाशाला आधी घ्यायला चाललं होतं. आणि आत्या म्हणजे कोण? जिन्यावरून पडल्यापासून जिने उंबरठा ओलांडला नव्हता, घरच्यांनी हातापाया पडूनही जी हलली नव्हती, ती.

तिने बाईंजवळ जाऊन चूक कबूल केली. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तिलाच ड्रायव्हरला फोन लावायला सांगितलं. तेवढ्यात भिंतीवर अक्षरं आली: प्रवासी गाडीत बसल्या. चष्मिष्टने फोन खाली ठेवला. गाडी तिथून आजोबांकडे गेली आणि केंद्राकडे वळली.

दार उघडलं. आधी आजोबा आले. त्यांच्यामागून वॉकर धरून, ठेवणीतले कपडे घालून, चक्क आत्या! चष्मिष्ट धावली आणि तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

"आत्या, तू आलीस कशी?"

"फोनवर विचारलं ना, गाडी पाठवतोय, येणार का? मी होय दाबलं." आत्या धापा टाकत खुर्चीत बसली. "घरात सगळे नुसतं चल चल करतात. येणार का, असं विचारलंय कुणी?"

मागे तिघं मित्र टाळ्या पिटत होते, आजोबाही त्यात सामील झाले. बाईंनी डोळे पुसले आणि ड्रायव्हरला सांगितलं की उद्यापासून सगळ्या गाड्या याच अ‍ॅपवर.

आत्याने पर्समधून फोन काढला.

"रडणं आवर आता," ती म्हणाली, "आणि परवाची गाडी कशी मागवायची ते दाखव."