बळवंतरावांनी सुधारलेली कादंबरी

छापलेलं : अनुराग मीटिंग अर्धवट सोडून गाडीत बसला आणि पंधरा मिनिटांत गुडगावहून मयूर विहारला, सृष्टीच्या दारात.

वाचलेलं : अनुराग मीटिंग संपेपर्यंत बसून राहिला. मग धौला कुआँला ट्रकांमागे अडकला. पोचला तेव्हा सृष्टी झोपली होती.

वाचणारे बळवंतराव, दिल्लीत केंद्रीय मंत्रालयातून निवृत्त. ऐकणाऱ्या त्यांच्या पत्नी सुमित्राबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम बळवंतरावांकडे आलं होतं.

कादंबरी खालच्या मजल्यावरच्या अक्षतानं आणून दिली. ती गुडगावला एका कंपनीत होती आणि ही कादंबरी वाचून दोनदा रडली होती. सगळं एकदम आपल्या इथलंच आहे काका, असं म्हणाली. त्या एका वाक्यावर बळवंतरावांनी पुस्तक आशेनं उघडलं. जन्मभर त्यांनी माणसं हरतात, पगार पुरत नाहीत, थोरला भाऊ जमीन बळकावतो अशीच पुस्तकं वाचली होती. आता आपल्या इथलंही कुणी लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं.

इथलं म्हणजे काय, तर नावं. मयूर विहार, करोल बाग, गुडगाव. बाकी अख्ख्या पुस्तकात वीज जात नव्हती. नव्या फ्लॅटला पाण्याचा टँकर लागत नव्हता. लग्न ठरेपर्यंत कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. फसवल्यासारखं

(पहिल्या दिवशी त्यांनी निमूट वाचलं.)

फसवल्यासारखं झालं त्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुंबनाच्या आधी वीज घालवली. सुमित्राबाई हसल्या. “बिल्कुल आपल्यासारखं.”

मग त्यांना चटक लागली.

छापलेलं : सृष्टीला बढती मिळाली.

वाचलेलं : सृष्टीला काढून टाकलं.

छापलेलं : त्याच्या आईनं तिला जवळ घेतलं.

वाचलेलं : त्याच्या आईनं विचारलं, वडिलांना खर्च कुठपर्यंत झेपेल?

सुमित्राबाईंचा चेहरा उतरत गेला. आता तरी चांगलं होईल का हो, असं त्या विचारायच्या. बळवंतराव म्हणायचे, मी काय करू, लिहिलंय तसं वाचतोय. तो चेहरा उतरला की त्यांना बरं वाटायचं. का, ते सांगता येणार नाही.

येईल. त्यांना सुमित्राबाईंची एक गोष्ट सहन होत नव्हती. बळवंतराव सांगलीला मुलगी बघायला आले. सुमित्रानं ट्रे ठेवला. पोह्यांना हात न लावता, वडिलांनी काही विचारायच्या आत, ते म्हणाले, मला पसंत आहे. ही गोष्ट सुमित्राबाईंनी प्रत्येक सरकारी कॉलनीत सांगितली, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सांगितली, दिल्लीत वाढलेल्या आणि ‘कांदेपोहे’ म्हणजे फक्त नाश्ता समजणाऱ्या अक्षतालाही सांगितली. यांनी बघताक्षणी हो म्हटलं. दिसायचं बंद झाल्यापासून तर त्या ती जास्तच सांगत. त्या सांगत असताना बळवंतराव पंख्याकडे बघायचे.

शेवटचं प्रकरण आलं. अनुराग सृष्टीला मागणी घालतो.

छापलेलं : (ते नंतर.)

वाचलेलं : अनुरागनं हो म्हटलं, कारण बिनलग्नाच्या माणसाला राहायला क्वार्टर मिळत नव्हतं. तिघांत एक खोली. एकाच्या घोरण्यानं बाकीचे दोघे जागे. वाटपाची तारीख जवळ आली होती. रजा थोडी होती, दुसरी मुलगी बघायला सवड नव्हती. पहिल्याच घरी तो हो म्हणून मोकळा झाला.

बळवंतरावांना वाक्यं आपोआप सुचत होती. इतकं खरं त्यांना आठवडाभरात जमलं नव्हतं. ते पान उलटणार, तेवढ्यात सुमित्राबाई म्हणाल्या, “अनुराग कंपनीत आहे ना?”

“हो.”

“मग कंपनीवाल्याला क्वार्टर कुठलं, अहो?”

पानापानावर चुका काढणाऱ्या माणसाचीच चूक सापडली. सरकारी नोकराच्या बायकोला क्वार्टर कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे सांगावं लागत नाही.

“क्वार्टर पुस्तकात नाहीच,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“नोकरी गेली, तेही नव्हतं?”

“नव्हतं.”

त्यांनी पदर सारखा केला. खाली अक्षताच्या घरी इन्व्हर्टर सुरू झाला, म्हणजे वीज गेली होती. वरचा पंखा हळूहळू थांबला.

“पोहे मी केले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खाल्ले नाहीत म्हणून आई नंतर रागावली. मी म्हटलं, त्यांना घाई झाली होती.”

बळवंतरावांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

“त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे गेला असतात तर?”

तीच बायको झाली असती. हे उत्तर खरं होतं, आणि खोटं लिहिणाऱ्यांचा त्यांनी जन्मभर तिरस्कार केला होता. त्यांनी मान खाली घातली. मांडीवर पान उघडं होतं, न वाचलेलं. त्यावरचं वाक्य त्यांनी वाचलं, सावकाश, छापलं होतं तसं.

“तू नसतीस, तर मी कुणालाच हो म्हटलं नसतं.”

सुमित्राबाईंनी चेहरा वर केला. डोळे नेमके त्यांच्यावर नव्हते, थोडे बाजूला, कपाटाकडे. बराच वेळ त्या तशाच राहिल्या, आणि त्या वेळात त्या तरुण दिसल्या, असं बळवंतरावांना

“हे तुमचं, की पुस्तकातलं?”

एक शब्द पुरला असता. तो बोलणं कठीणही नव्हतं.

“पुस्तकातलं,” बळवंतराव म्हणाले.

सुमित्राबाईंनी मान हलवली. उशी पाठीशी ओढून घेतली, पाय वर घेतले.

“मग वाचा पुढं,” त्या म्हणाल्या. “छापलंय तेवढंच. मध्ये तुम्ही नको.”